मनातली रस्सीखेच आणि कारीचे कान्होजी जेधे



"ध्येय ठरवा आणि त्याच्या मागे लागा" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. शिबिरात ऐकलं, गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांकडून ऐकलं, प्लेसमेंटच्या ट्रेनिंगमध्ये तर रोजच ऐकतो. पण ज्याला काहीच ध्येय नाही असा मुलगा किंवा मुलगी आपल्या होस्टेलवर शोधूनच काढावी लागेल. खरी अडचण वेगळी आहे. एकाच वेळी दोन ध्येयं असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. गेटचा अभ्यास करायचा आहे आणि घरी लवकर पैसेही पाठवायचे आहेत. पुण्यात नोकरी हवी आहे, पण गावाकडे आईवडील एकटे पडतील हेही मनाला लागतं. एमपीएससी द्यायची आहे, पण वर्ष वाया गेलं तर लोक काय म्हणतील ही भीती आहे. यालाच मनातलं द्वंद्व म्हणायचं.

या लेखात आपण तीन गोष्टी बघू. द्वंद्व म्हणजे नेमकं काय, आपल्याच भोर-वेल्हे परिसरातल्या एका माणसाने १६५९ साली ते कसं सोडवलं, आणि त्यातून आज आपल्याला वापरता येईल अशी पद्धत कोणती.

दोरी हलत नाही, पण ताण असतो

पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लागला तर दोरी जागची हलत नाही. बेरीज शून्य. बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. पण दोरीला विचारा! तिच्यात पूर्ण ताण असतो आणि जोर वाढत गेला तर ती तुटतेसुद्धा.

मनाचंही तसंच होतं. खोलीत गादीवर पडून छताकडे बघणाऱ्या मुलाला आपण सरळ "आळशी" म्हणून मोकळे होतो. कदाचित तो आळशी नसेलही. त्याच्या आत दोन्हीकडून सारखाच जोर लागलेला असेल. म्हणूनच काहीही न करता तो संध्याकाळपर्यंत दमलेला असतो.

ही नुसती उपमा नाही. रॉबर्ट एमन्स आणि लॉरा किंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. ज्यांची ध्येयं एकमेकांशी भांडतात अशी माणसं त्या ध्येयांबद्दल विचार जास्त करतात आणि कृती कमी करतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण "अजून थोडा विचार करतो" म्हणतो तेव्हा पुष्कळदा विचार होतच नसतो, नुसती रस्सीखेच चालू असते.

द्वंद्वाचे तीन प्रकार

कुर्ट लेविन (१८९०–१९४७) नावाचे एक मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. गंमत म्हणजे ते मनातल्या ओढी आपल्यासारखेच बाण काढून, म्हणजे व्हेक्टर काढून दाखवत. त्यांनी द्वंद्वाचे तीन मुख्य प्रकार सांगितले.

१. दोन्ही हवंसं: दोन चांगल्या कंपन्यांच्या ऑफर एकाच आठवड्यात आल्या. हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. एकीकडे जरा झुकलं की सुटतो.

२. दोन्ही नकोसं: नावडत्या विषयाचा अभ्यासही नको आणि केटीही नको. यात माणूस तिसरीकडेच पळतो. रात्रभर सिनेमे बघणं, कुणाच्या तरी खोलीत पत्ते कुटणं, हे बऱ्याचदा त्यातूनच येतं.

३. एकच गोष्ट हवीशी आणि नकोशी: स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे, पण नापास होण्याची भीती वाटते. या प्रकारात एक खोड आहे. लांबून ध्येय छान दिसतं, पण जसजसं जवळ जावं तसतशी भीती ओढीपेक्षा वेगाने वाढते. नील मिलर यांनी १९४० च्या दशकात हे दाखवून दिलं. म्हणून तर महिनाभर उत्साहात असलेला मुलगा शेवटच्या तारखेला "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो.

आपलं द्वंद्व कोणत्या प्रकारचं आहे हे नुसतं ओळखलं तरी धुकं थोडं कमी होतं. पण ओळखून भागत नाही, ते सोडवायचं कसं? त्यासाठी आता कारी गावात जाऊ.

राजगडावर आलेले कान्होजी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शिवरायांचा इतिहास इंग्रजीतून वाचलेला. त्यामुळे कान्होजी जेधे हे नाव मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते इथे आल्यावर, मेसमध्ये, भोरकडच्या एका मित्राच्या तोंडून. मग मिळेल ते वाचत गेलो.

भोरहून रायरेश्वराकडे जाताना आंबवडे लागतं आणि पुढे कारी. कारीचे कान्होजी जेधे हे रोहिड खोऱ्याचे देशमुख. देशमुखी म्हणजे नुसती पदवी नव्हती. महसुलातला हक्क, मानपान, पिढ्यान् पिढ्या चालणारं वतन, सगळं त्यात आलं. हे वतन त्यांनी विजापूरच्या आदिलशाहीच्या छत्राखाली सांभाळलं होतं.

कान्होजी मुळात शहाजीराजांच्या पदरी होते. १६४८ साली शहाजीराजांना दक्षिणेत जिंजीजवळ अटक झाली, तेव्हा कान्होजींनाही कैद झाली. १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात शिवाजीराजांकडे पाठवलं आणि त्यांच्याशी इमानाने राहण्याची शपथ घेववली. म्हणजे एका हाताला बादशहाने मान्य केलेलं वतन आणि दुसऱ्या हाताला शहाजीराजांना दिलेला शब्द. दहा वर्षं दोन्ही गोष्टी कशाबशा एकत्र चालल्या.

१६५९ साली मात्र ते शक्य राहिलं नाही. अफझलखान मोठी फौज घेऊन निघाला. मावळातल्या देशमुखांना विजापूरहून फर्मानं सुटली. कान्होजींच्या नावाचं फर्मान १६ जून १६५९ चं आहे. खानाच्या हुकुमाप्रमाणे वागा, शिवाजीराजांच्या माणसांना थारा देऊ नका, नाहीतर परिणामाला तयार राहा, असा त्याचा मतलब. शेजारचेच उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. आता विचार करा, कान्होजींच्या जागी आपण असतो तर?

जेध्यांच्या घराण्याची हकीकत त्यांच्या करिन्यात आलेली आहे. ती अशी: कान्होजी आपल्या पाचही मुलांना घेऊन राजगडावर गेले आणि फर्मान राजांसमोर ठेवलं. राजांनी त्यांना "थांबा, सोडून जाऊ नका" अशी गळ घातली नाही. उलट धोका उघड करून सांगितला. खोपडे गेले आहेत, तुम्ही गेला नाहीत तर वतन जाईल, जिवावरही बेतेल, तेव्हा विचार करा. कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शपथेची आठवण सांगितली आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. "पाणी सोडणे" हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, इथे तो अक्षरशः घडला. यानंतर राजांनी त्यांना बायकामुलांना मावळात न ठेवता तळेगावला ढमढेऱ्यांकडे हलवायला सांगितलं. मग जेध्यांची माणसं जावळीच्या मोहिमेत उभी राहिली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली काय झालं ते आपल्या सर्वांना माहीत आहे.

पण इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याला नोव्हेंबर माहीत आहे, कान्होजींना माहीत नव्हता. जून महिन्यात खानाचं पारडं जड दिसत होतं. म्हणून "शेवटी जिंकले, म्हणजे निर्णय बरोबर होता" असं म्हणणं सोपं आहे, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. शिकायचं ते निकालातून नाही, त्यांनी निर्णय घेतला कसा त्यातून.

त्यांनी नेमकं काय केलं?

मला त्यात चार पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी: द्वंद्व बाहेर काढलं. कान्होजींना फर्मान लपवून ठेवता आलं असतं. दोन्हीकडे गोड बोलून वेळ काढता आला असता. त्यांनी ते ज्याच्याशी संबंध होता त्याच्याच समोर ठेवलं, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्या मुलांना बरोबर नेलं. आपण काय करतो? नोकरी की पुढचं शिक्षण हे वडिलांना सोडून सगळ्या होस्टेलला विचारतो!

दुसरी पायरी: आधी दिलेला शब्द शोधला. "काय जास्त फायद्याचं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण दोन्हीकडे फायदे होते, दोन्हीकडे धोके होते. "मी आधी कुणाला काय शब्द दिला आहे?" या प्रश्नाला मात्र स्वच्छ उत्तर होतं. दोन ध्येयं जेव्हा सारखीच जड वाटतात, तेव्हा त्यांच्या खाली कुठलं मूल्य आहे ते बघावं लागतं.

तिसरी पायरी: तोटा मोजला आणि मान्य केला. मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. वतन जाणार हे त्यांनी ऐकलं, समजून घेतलं आणि मग पाणी सोडलं. आपलं द्वंद्व सुटत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की आपल्याला निवड करायची असते, पण गमवायचं काहीच नसतं. नोकरीही हवी, वर्षभर पूर्णवेळ अभ्यासही हवा, घरही खूश हवं. दोरीचं एक टोक सोडल्याशिवाय ताण कमी होणार कसा? आणि मित्र कसा असावा तेही इथे दिसतं. "बिनधास्त कर रे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. "असं केलंस तर हे हे जाईल, चालेल का?" असं विचारणारा एखादाच असतो. त्याला जपा.

चौथी पायरी: तोट्याची व्यवस्था लावली. बायकामुलं सुरक्षित जागी गेली, म्हणजे लढताना मन मागे ओढ घेणार नाही. मागचे दोर कापा असं आपण आवेशात म्हणतो. पण दोर कापायच्या आधी दोरावर कोण कोण लटकलं आहे ते बघायला नको का? या प्रसंगात ते बघितलं गेलं.

आणखी एक. निवडीची किंमत एकदाच द्यावी लागते असं नाही. पुढे जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांची माणसं कामी आली. दरबारात मानाचं पहिलं पान जेध्यांचं होतं, ते या पराक्रमानंतर बांदलांना देण्यात आलं आणि कान्होजींनी ते मान्य केलं, असं सांगतात. एकदा मोठी गोष्ट ठरली की अशी लहान पानं सोडणं जमत असावं.

कागद आणि मधली रेघ

तिसरी पायरी कागदावर करता येते. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला लॉर्ड शेलबर्न यांच्याकडच्या नोकरीबद्दल काही ठरवता येईना. त्याने बेंजामिन फ्रँकलिनला सल्ला विचारला. फ्रँकलिनने पत्रात उत्तर दिलं: काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदावर मध्ये रेघ मारायची. एका बाजूला अनुकूल मुद्दे, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. हे एका बैठकीत नाही, तीन-चार दिवस आठवेल तसं लिहायचं. मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जायचं. जे उरेल ते बघायचं.

तीन-चार दिवस हे महत्त्वाचं. प्लेसमेंटच्या दिवशी डोक्यात एकच गोष्ट असते, घरून फोन आला की दुसरीच. चार दिवसांच्या कागदावर सगळ्या मनःस्थितींचे मुद्दे येतात.

आपल्या होस्टेलवरच्या एका फायनल इयरच्या मित्राने हे करून बघितलं. त्याच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. त्याला राज्य सेवेची परीक्षा द्यायची होती, पूर्णवेळ. दुसरीकडे हातात पुण्याच्या एका कंपनीची ऑफर. घरी भाताची थोडी शेती, शिक्षणाचं कर्ज आणि धाकटी बहीण नुकतीच डिप्लोमाला लागलेली. दोन महिने तो ना धड पुस्तक उघडत होता, ना ऑफरला होकार कळवत होता.

कागदावर चौथ्या दिवशी त्याला एक गोष्ट दिसली. बहिणीच्या प्रवेशाच्या वेळी "फीचं मी बघतो" असं तो स्वतःच बोलून गेला होता. तो त्याचा शब्द. मग त्याने तोटा लिहिला: "दोन वर्षं पूर्णवेळ अभ्यास नाही. बरोबरचे मित्र पुढे जातील. मला वाईट वाटेल." हे शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम लिहिलं. मग कागद घेऊन घरी गेला आणि वडिलांना वाचून दाखवला. वडील बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं म्हणतोयस तर दोनच. तिसऱ्या वर्षी मी तुला नोकरी कर म्हणणार नाही."

बघा, हे वाक्य त्याला खोलीत बसून विचार करून कधीच मिळालं नसतं.

त्याचा निर्णय बरोबर की चूक हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण ऑफरला होकार गेला, आणि त्या आठवड्यापासून तो रोज पहाटे एक तास अभ्यासालाही बसतो आहे. ताण कमी झाला तसा दोन्हीकडे हात चालू लागला.

हा पहाटेचा तास टिकवण्यासाठीही एक युक्ती आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली. "मी रोज अभ्यास करीन" असं मोघम न ठरवता "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवायचं. उदाहरणार्थ, "मेसचा चहा प्यायलो की आधी पाच गणितं सोडवीन, मोबाइल त्यानंतर." वेळ आणि जागा आधीच ठरल्यामुळे दर वेळी मनाशी नवीन वाद घालावा लागत नाही.

दोन सूचना

एक, प्रत्येक द्वंद्व सोडवायलाच हवं असं नाही. मेसमध्ये काय खायचं, प्रोजेक्टला कोणता रंग द्यायचा यासाठी चार दिवस कागद लिहीत बसाल तर सबमिशन राहील. ज्याचा परिणाम वर्षभर पुरेल त्यासाठीच ही पद्धत.

दोन, ही जास्त महत्त्वाची. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आपण कुणालाच नको आहोत असं वाटतं आहे आणि हे आठवडे चाललं आहे, तर ते कागदावरच्या रेघेने सुटणारं नाही. त्या वेळी एकटं राहू नका. रूममेटला, रेक्टर सरांना किंवा मॅडमना, घरी, कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ या नंबरवर, मराठीतूनही बोलता येतं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात जशी लाज नाही तशी यातही नाही. आणि शिक्षकांना एक विनंती: मागच्या बाकावरचा गप्प मुलगा कदाचित दोन्हीकडून ओढला जात असेल. "अभ्यास का करत नाहीस?" याऐवजी "कशात अडकला आहेस?" असं एकदा विचारून बघा.

थोडक्यात

द्वंद्व असणं हा कमकुवतपणा नाही. ज्याला दोन गोष्टींची किंमत कळते त्यालाच द्वंद्व होतं. ते सुटण्यासाठी:

१. कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा.
२. संबंधित माणसासमोर मांडा.
३. आधी दिलेला शब्द, मनातलं खरं मूल्य शोधा.
४. काय गमावणार ते लिहा आणि मान्य करा.
५. त्या तोट्याची व्यवस्था लावा, मग मागे वळून बघू नका.

परीक्षा संपल्यावर आपल्यापैकी बरेच जण राजगडावर जातील, गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढतील, पद्मावती माचीवर तळ्याकाठी डबा खातील. काही जण आंबवड्याला उतरतील, तिथे कान्होजींची समाधी आहे. फोटो जरूर काढा. पण पाच मिनिटं बसून स्वतःला एक प्रश्नही विचारा: मला जे हवं आहे त्यासाठी मी कशावर पाणी सोडायला तयार आहे?

याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याची रस्सीखेच अर्धी संपली.